उप्सालाचे प्रांतसंघ

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिच्या उत्तरेस सुमारें ७० किलोमीटरांवर उप्साला नांवाचें एक जुनें नगर आहे. गांवाच्या मधून फिरिस नांवाची लहानशी नदी वाहते. नदीच्या पूर्वेस व्यापारी व कारागीर यांची वस्ती आणि पश्चिमेस मोठें ख्रिस्तमंदिर, राजवाडा, ग्रंथालय व विद्यापीठ, अशी या नगराची वांटणी शतकानुशतकें चालत आली. या पश्चिमेकडील रस्त्यांतून हिंडणाऱ्या परक्या माणसाला एक गोष्ट बुचकळ्यांत टाकते. एका घरावर ‘स्मोलंड’ हें नांव, दुसऱ्यावर ‘नॉरलंड’, पलीकडे ‘कालमार’, ‘वेर्मलंड’. हीं स्वीडनमधील प्रांतांचीं आणि शहरांचीं नांवें खरीं. पण हीं घरें सरकारी कचेऱ्या नव्हत. तीं विद्यार्थ्यांचीं आहेत.

विद्यापीठांत शिकावयास आलेल्या तरुणांनीं आपापल्या प्रांतांच्या नांवें स्थापिलेल्या संघांचीं तीं घरें होत. या संघांतील सर्वांत जुने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतले असून आज ते संख्येनें १३ आहेत. त्यांस तेथें ‘नेशन’ असेंच म्हणतात. आजच्या राजकारणांत या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, तो मात्र येथें लावूं नये. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध जन्माशीं आहे; जो जेथें जन्मला तेथला तो, एवढाच त्याचा जुना अर्थ. तेव्हां मराठींत त्यांस ‘प्रांतसंघ’ म्हणणें सोयीचें होईल.

ही कल्पना मुळांत स्वीडनची नव्हे. मध्ययुगांत पॅरिसच्या विद्यापीठांत कलाशाखेचे चार भाग असत: फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन व इंग्लिश. स्वीडनहून गेलेल्या विद्यार्थ्याला इंग्लिश भागांत बसवीत, कारण उत्तरेकडून आला तो इंग्लिश, असा तेथला ठोकळ हिशेब होता! इटलींत बोलोन्याच्या विद्यापीठांतही अशाच विभागण्या होत्या. परमुलखांत घरमालक भाडें वाढवूं लागला किंवा नगराचा शिपाई अंगावर हात टाकूं लागला, तर पाठीशीं उभा राहणारा आपल्याकडचा माणूस हवा, या साध्या गरजेंतून हे भाग निघाले. पुढें विद्यापीठाच्या कारभारांतील मतें त्यांच्या हातीं आलीं, आणि त्यांना धार चढली. प्रागच्या विद्यापीठांत बोहेमियन, बव्हेरियन, पोलिश व सॅक्सन असे चार भाग होते. १४०९ सालीं राजा वेन्सेस्लास यानें बोहेमियनांना तीन मतें व बाकीच्या तिघांना मिळून एकच मत, असा हुकूम काढला. त्याबरोबर जर्मन अध्यापक व विद्यार्थी मोठ्या संख्येनें प्राग सोडून गेले आणि त्याच वर्षीं लाइपझिगला नवें विद्यापीठ उभें राहिलें. प्रांताचा अभिमान आणि मतांची मोजदाद एकत्र आलीं म्हणजे काय घडतें, याचा हा मासलेवाईक धडा होय. उप्सालाच्या संघांना असलें राजकीय वजन कधींच लाभलें नाहीं. कदाचित् म्हणूनच ते टिकले.

उप्सालाचें विद्यापीठ १४७७ सालचें. आर्चबिशप याकोब उल्फसन याच्या खटपटीनें पोपची सनद मिळाली आणि स्कँडिनेव्हियांतील पहिलें विद्यापीठ सुरू झालें. धर्मसुधारणेच्या धामधुमींत तें जवळजवळ बंद पडलें होतें. १५९३ सालीं उप्सालास मोठी धर्मसभा भरली, तिच्यानंतर त्याचें पुनरुज्जीवन झालें. आणि १६२४ सालीं राजा गुस्ताव्ह अडॉल्फ यानें आपल्या खासगी मिळकतींतील शेंकडों शेतवाड्या विद्यापीठाला दान देऊन त्याचा पाया पक्का केला. स्वीडन तेव्हां मोठें राज्य होऊं पाहत होतें. लढायांना सेनापति लागतात, तसे वसुलाला, न्यायाला व धर्मोपदेशाला लिहिणारे वाचणारे लोक लागतात. ते पुरविण्याचें काम विद्यापीठाकडे आलें आणि सरदारपुत्रांच्या जोडीला पाद्री, व्यापारी व शेतकरी यांचीं मुलें उप्सालाची वाट धरूं लागलीं.

त्या मुलांची स्थिति डोळ्यांसमोर आणावयास हवी. नॉरलंड हा उत्तरेकडचा भाग एकटाच देशाच्या निम्म्याहून मोठा. तेथून निघालेला पंधरासोळा वर्षांचा मुलगा कित्येक दिवसांचा प्रवास करून, घरची शिधोरी बरोबर घेऊन, अशा गांवीं येऊन पडे कीं जेथें त्याची बोली ऐकून लोक हंसत. घरीं पत्र पोंचावयाचें तर ओळखीचा वाटसरू गांठावा लागे. तो आजारी पडला, तर उशाशीं कोण बसणार? तो दगावला, तर त्याच्या प्रेतामागून कोण चालणार? हे प्रश्न कल्पनेचे नव्हत. आपल्या प्रांतांतील थोरल्या मुलांखेरीज या प्रश्नांना दुसरें उत्तर नव्हतें.

याच सुमारास रोस्टोक, विटेनबर्ग इत्यादि जर्मन विद्यापीठांतून शिकून परतलेले स्वीडिश तरुण तिकडील प्रांतवार मंडळ्यांची रीत आपल्याबरोबर घेऊन आले. तिला उप्सालांत तयार जमीन मिळाली. वेस्टरयोटलंडचा संघ व वेस्टमनलंड-डालाचा संघ आपली स्थापना १६३९ ची मानतात. बाकीचे बहुतेक पुढील पन्नासएक वर्षांत निघाले. आरंभीं त्यांना घर नव्हतें, शिक्का नव्हता, परवानगीही नव्हती. होती एक पेटी, एक वही आणि वडील विद्यार्थ्यांचा दरारा.

या दराऱ्याची गोष्ट सांगण्यापूर्वीं खुद्द विद्यापीठाच्याच एका विधीची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळीं युरोपांतील पुष्कळ विद्यापीठांत नवागताला एका दीक्षेंतून जावें लागे. तिला ‘शिंगें उतरविणें’ असें म्हणत. स्वीडनमधील तिचें वर्णन इतिहासकारांनीं तपशीलवार नोंदवून ठेविलें आहे. नव्या मुलांना रंगीबेरंगी चिंध्यांचे कपडे चढवीत, तोंडाला काळें फांशीत, डोक्यावर लांब कान व शिंगें लावलेली टोपी बसवीत आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत डुकराचे सुळे धरावयास लावीत. मग या कामावर नेमलेला अधिकारी हातांत काठी घेऊन त्यांना गुरांच्या कळपासारखें हांकीत दिवाणखान्यांत नेई आणि त्यांना भोंवतीं उभें करून प्रश्न विचारूं लागे. तोंडांत सुळे असल्यामुळें बिचाऱ्यांच्या उत्तरांऐवजीं घुरघुर बाहेर पडे. त्याबरोबर तो त्यांना डुकरें म्हणून खांद्यावर छडी मारी आणि तारुण्याच्या दुर्गुणांवर प्रवचन देई. सुळे म्हणजे अतिरेकी खाणेंपिणें, कान म्हणजे गाढवपणा, शिंगें म्हणजे रानटीपणा, असा अर्थ लावून एकेक वस्तु काढली जाई. शेवटीं रंधा घेऊन मुलाच्या अंगावरून फिरविल्यासारखें करीत, डोक्यावर पाण्याची बादली ओतीत आणि खरखरीत फडक्यानें पुसून, आतां तूं विद्यार्थी झालास, असें जाहीर करीत.

हा सगळा प्रकार चोरून होत नसे. विद्यापीठाच्या संमतीनें होई. विद्वान् प्राध्यापक तेथें हजर असत आणि या सोंगांत गंभीर बोध आहे, असें मानीत. मग त्याच प्राध्यापकांनीं पोरांच्या दांडगाईबद्दल कपाळाला हात लावावा, यांत थोडी गंमतच नाहीं काय? सभागृहांत वडिलांनीं जें एक दिवस केलें, तेंच खोल्याखोल्यांतून थोरले विद्यार्थी महिनोनमहिने करीत राहिले. दीक्षा झालेल्या मुलाला पुढें कित्येक महिने काळा झगा घालून फिरावें लागे, आपल्या प्रांतांतील वडील मंडळींच्या बिऱ्हाडीं रोज हजेरी द्यावी लागे, त्यांचे निरोप पोंचवावे लागत, शिव्या ऐकाव्या लागत आणि मार खावा लागे. घरून आलेले पैसे त्यांच्या मेजवान्यांत जात. म्हणजे ज्याच्या आधारासाठीं मुलगा संघांत येई, तोच त्याला आधीं नागवी. आणि नवल असें कीं वर्ष सरलें म्हणजे तोच मुलगा पुढच्या वर्षींच्या पोराची वाट पाहूं लागे. सोसलेल्याचा सूड सोसविणाऱ्यावर न उगवतां मागून येणाऱ्यावर उगवावा, हा मनुष्यस्वभाव प्रत्येक शाळेच्या अंगणांत दिसतो.

विद्यापीठाच्या वरिष्ठ मंडळाला हे संघ डोळ्यांत सलूं लागले. मारहाण हें एक कारण होतेंच. पण दुसरें कारण अधिक खोल होतें. विद्यार्थ्याला शिक्षा करण्याचा अधिकार विद्यापीठाचा. येथें तर मुलेंच मुलांवर दंड बसवीत, पेटींत पैसे जमवीत, निवाडे देत आणि बाहेर अवाक्षर काढूं नये म्हणून दमदाटी करीत. राज्यांत राज्य तें हेंच. साहजिकच संघांना मनाई झाली. एकदां नव्हे, अनेकदां. परंतु मनाईच्या हुकुमानें पेटी आणि वही फक्त एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जात. ज्या मुलाला गांवांत दुसरें कोणी नाहीं, त्याला आपल्या प्रांताच्या माणसाकडे जाऊं नको, असें सांगून काय उपयोग?

शेवटीं १६६३ सालीं मंडळानें हट्ट सोडला. संघांना मान्यता मिळाली. अट एवढीच कीं प्रत्येक संघावर एक प्राध्यापक ‘इन्स्पेक्टर’ म्हणून देखरेख करील. त्याच्या हाताखालीं विद्यार्थ्यांतूनच निवडलेला ‘क्युरेटर’ हा रोजचा कारभारी. जी वस्तु मोडतां येत नाहीं ती आपल्या घरांत आणून बसवावी, हें शहाणपण मंडळाला दोन तपें झगडल्यानंतर सुचलें. पुढें सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नवागतांच्या छळावर बंदी आली आणि शिंगांची दीक्षाही इतिहासजमा झाली. अर्थात् छळ एका दिवसांत थांबला नाहीं; पण आतां तक्रार कोणाकडे न्यावी हें नव्या मुलाला ठाऊक झालें. बंदीच्या कागदापेक्षां या एका गोष्टीचा उपयोग अधिक झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मान्यतेबरोबर संघांचें रूप पालटूं लागलें. दंडाच्या पेटीचा निधि झाला. प्रांतांतील सधन लोक आपल्याकडच्या गरीब मुलांसाठीं त्यांत देणग्या ठेवूं लागले आणि त्यांतून शिष्यवृत्त्या निघाल्या. निवाड्यांच्या वहीची सभासदांची नोंदवही झाली. आज त्या वह्या अभ्यासकांना अमोल वाटतात. कोणत्या खेड्यांतून, कोणाचा मुलगा, कोणत्या वर्षीं आला, हें त्यांत लिहिलें आहे. इन्स्पेक्टरच्या समोर मुलें लॅटिनमध्यें भाषणें व वादविवाद यांचा सराव करूं लागलीं. सभासदांत जुने, मधले आणि नवे अशा पायऱ्या होत्या. पायरी चढावयास काळ जावा लागे आणि वर्तन चांगलें असावें लागे.

स्मोलंड प्रांतांतील राशुल्ट येथें १७०७ सालीं जन्मलेला एका पाद्र्याचा मुलगा १७२८ सालीं उप्सालास आला आणि स्मोलंडच्या संघांत दाखल झाला. कार्ल लिनियस हें त्याचें नांव. घरचे थोडे पैसे लौकरच संपले. बुटांचे तळ झिजले, तेव्हां आंत कागद घालून तो फिरत असे. दुसऱ्या वर्षीं ओलोफ सेल्सियस या विद्वान् धर्मशास्त्र्यानें त्याला वनस्पतींच्या बागेंत पाहिलें, त्याचें ज्ञान पारखलें आणि घरीं आसरा दिला. लिनियसला वर काढलें तें या माणसानें. संघानें काढलें, असें म्हणणें खरें होणार नाहीं. पण पुढें १७४१ सालीं तो उप्सालाचा प्राध्यापक झाला, वनस्पति व प्राणी यांच्या वर्गीकरणानें जगभर गाजला, आणि त्याच स्मोलंड संघाचा इन्स्पेक्टर होऊन बसला. ज्या दारांतून तो फाटक्या बुटांनीं आंत आला, त्याच दारांतून येणाऱ्या आपल्या प्रांताच्या पोरांवर देखरेख करण्याचें काम त्याच्याकडे आलें. संघाचा खरा अर्थ अशा फेऱ्यांत दिसतो.

विद्यापीठाच्या गांवांतून येणारा वर्तनाचा अभिप्राय त्या काळीं किती जड असे, हें एरिक गुस्ताव्ह येइयरच्या गोष्टीवरून समजतें. हा वेर्मलंडचा, जन्म १७८३ चा. एका घरीं मुलांचा शिक्षक म्हणून त्यानें जागा मागितली. त्या घरानें उप्सालाकडे विचारणा केली. उत्तर आलें कीं, मुलगा स्थिर बुद्धीचा नाहीं. जागा गेली. अपमानानें चिडून त्यानें कोणाला न सांगतां मध्ययुगांतील स्वीडिश नेता स्टेन स्टुरे याच्या गौरवावर एक निबंध लिहिला आणि स्वीडिश अकादमीकडे धाडला. १८०३ सालीं अकादमीचें मोठें बक्षीस त्या निबंधाला मिळालें. त्या वेळीं तो वीस वर्षांचा होता. हाच अस्थिर मुलगा पुढें उप्सालांत इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि स्वीडनच्या थोर इतिहासकारांत गणला गेला. अभिप्राय लिहिणाऱ्याचें पुढें काय झालें, याची दखल इतिहासानें घेतली नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत लहान लहान संघ एकत्र येऊन मोठे झाले. १८२७ मध्यें उत्तरेकडील संघ मिळून नॉरलंडचा संघ बनला. तो पुढें सर्वांत मोठ्या संघांत मोडूं लागला. १८४९ सालीं सर्व विद्यार्थ्यांचा एक संयुक्त संघ निघाला, तरी प्रांतसंघ विरघळले नाहींत. याच शतकांत ते भाड्याच्या खोल्या सोडून स्वतःच्या घरांत राहूं लागले. दिवाणखाना, ग्रंथसंग्रह, गाण्याची बैठक आणि लांबलचक मेज असें त्या घरांचें रूप असे. वेस्टमनलंड-डाला संघाची आजची वास्तु तर फिनलंडचे विख्यात वास्तुविशारद आल्वार आल्टो यांची असून ती १९६५ सालीं पुरी झाली. या सगळ्या गाण्याबजावण्यांत एकाकी राहिलेलेही विद्यार्थी असत. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यानें उप्सालाच्या विद्यार्थिजीवनावर १८७७ सालीं जें कथांचें पुस्तक काढलें, त्यांत चित्राची ही काळी बाजू पाहावयास मिळते.

या संघांना भ्यालेलें सरकार स्वीडनबाहेर, फिनलंडांत आढळतें. फिनलंड पूर्वीं स्वीडनच्या ताब्यांत होता आणि १६४० सालीं ऑबो येथें स्थापन झालेल्या त्याच्या विद्यापीठांतही प्रांतसंघ होते. १८०९ मध्यें तो देश रशियाच्या झारकडे गेला, पुढें विद्यापीठ हेलसिंकीस हललें, आणि १८५२ सालीं सरकारनें प्रांतसंघ मोडून त्यांच्या जागीं शाखावार मंडळें नेमलीं. कायद्याचे एकीकडे, वैद्यकाचे दुसरीकडे. कागदावर ही व्यवस्था अधिक सयुक्तिक होती. १८६८ सालीं मात्र ती रद्द करून प्रांतसंघांना पुन्हां परवानगी द्यावी लागली. दूरच्या गांवीं आलेल्या मुलाला बरोबरच्या मुलाचा विषय कोणता, यापेक्षां त्याचें घर कोठें, हें आधीं विचारावेंसें वाटतें.

मग ‘आपल्याकडचा’ म्हणजे कोण? या प्रश्नाची खरी कसोटी १८७२ सालीं लागली. गॉटलंड बेटावरील विसबी या गांवच्या एका खोगीर करणाऱ्या कारागिराची मुलगी बेटी पेटरसन ही त्या वर्षीं उप्साला विद्यापीठांत दाखल झाली. स्वीडनमधील विद्यापीठांत शिकावयास गेलेली ती पहिली स्त्री. तिचें वय तेव्हां तिशी ओलांडून गेलें होतें. लोकांच्या घरीं शिकवण्या करून तिनें प्रवेशपरीक्षेची तयारी केली होती, आणि वैद्यकाखेरीज दुसऱ्या शाखांत स्त्रियांना अजून वाट नसल्यामुळें तिला राजाची खास परवानगी घ्यावी लागली. जन्मानें ती गॉटलंडची, म्हणून गॉटलंडच्या संघाची. नियमांत कोठेंही पुरुष हा शब्द घालण्याची गरज पूर्वीं कोणाला वाटलीच नव्हती! १८७५ मध्यें ती पदवीधर झाली आणि नंतर स्टॉकहोमला मुलांच्या सरकारी शाळेंत शिकवूं लागली. १८८५ सालीं क्षयानें तिचा अंत झाला.

पण पटावर नांव चढणें निराळें आणि मेजावर जागा मिळणें निराळें. संघांचीं भोजनें, गाणीं, भाषणें हीं सगळीं पुरुषांच्या सवयींनीं घडलेलीं. नृत्याच्या रात्रीं बाहेरच्या कुलीन मुलींना आमंत्रणें जात. पण संघाची सभासद असलेली विद्यार्थिनी पाहुणी कीं यजमान, हें ठरविण्यास कोणी तयार नसे. अखेर १८९२ सालीं विद्यार्थिनींनीं आपली स्वतंत्र मंडळी काढली. अडीचशें वर्षांपूर्वीं मुलांनीं ज्या कारणासाठीं खोलींत पेटी व वही ठेविली होती, जवळजवळ त्याच कारणासाठीं. विसाव्या शतकांत हें अंतर हळूहळू बुजत गेलें, आणि ज्या मेजाशीं पूर्वीं जागा नव्हती, तेथें आज क्युरेटरच्या खुर्चीवर मुली बसतात.

दीर्घ काळ उप्सालाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कोणत्या तरी संघाचें सभासद व्हावेंच लागे. ही सक्ति स्वीडिश सरकारनें २०१० सालच्या जुलैपासून उठविली. जन्मप्रांताचें बंधनही आतां राहिलें नाहीं. ज्याला जो संघ आवडेल तो त्यानें निवडावा. त्यामुळें गॉटलंड बेट कधीं न पाहिलेला तरुण गॉटलंडच्या संघांत असतो, आणि भारतांतून गेलेली विद्यार्थिनी नॉरलंडची सभासद होऊं शकते. सक्ति गेल्यावर संघ ओस पडतील, अशी भीति पुष्कळांना वाटली होती. तसें झालें नाहीं. स्वस्त जेवण, राहावयास खोली, नाटक, गायन, शिष्यवृत्ति आणि चार ओळखीचे चेहरे, एवढ्या गोष्टी आजही परक्या गांवांत सहज मिळत नाहींत. क्युरेटर आपला अभ्यास वर्षभर बाजूला ठेवून संघाचा कारभार पाहतो, आणि स्वयंपाकघरापासून हिशेबापर्यंतचें बरेचसें काम सभासदच करतात.

दरवर्षीं ३० एप्रिलला दुपारीं तीन वाजतां ग्रंथालयाच्या सज्ज्यांतून विद्यापीठाचे प्रमुख आपली पांढरी टोपी हालवतात आणि खालीं उतारावर जमलेले हजारों विद्यार्थी आपापल्या टोप्या उंच करतात. तेथून पांगलेली गर्दी आपापल्या संघांच्या दारांकडे वळते. परंतु जुन्या काळाशीं अधिक जवळचें नातें सांगणारा प्रसंग वर्षारंभीं असतो. नव्या सभासदाला तेथें अजूनही जुन्या लॅटिन शब्दानें ‘रेसेंटियॉर’ म्हणतात, आणि त्याच्या स्वागतासाठीं प्रत्येक संघांत भोजनसमारंभ होतो. दिवाणखान्यांत मेणबत्त्या लागतात, भिंतीवर पूर्वींच्या इन्स्पेक्टरांच्या तसबिरी असतात. थोरल्यांच्या मधें नव्यांना बसवितात आणि गाणीं म्हणावयास शिकवितात. मग विद्यमान इन्स्पेक्टर, म्हणजे १६६३ पासून चालत आलेला तोच प्राध्यापक, उभा राहून त्यांच्यासाठीं चार शब्द बोलतो.